समुद्र नसलेल्या गावाचे बंदर

धाराशिव जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र कुठेच नाही. कोकणचा किनारा इथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. जिल्ह्यातले पाणीसुद्धा त्या दिशेला जात नाही. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. सीना आणि बोरी भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला. म्हणजे इथे पडलेला पावसाचा थेंब वाहत गेलाच, तर थेट बंगालच्या उपसागरात जातो. अशा जिल्ह्यातल्या शाळेत 'भारतातील प्रमुख बंदरे' हा धडा शिकवायचा कसा? बहुतेक वेळा त्याची यादी होते. मुले नावे पाठ करतात, नकाशात ठिपके भरतात आणि धडा संपतो.

आम्हाला मात्र वाटते की बंदर समजून घ्यायला धाराशिवइतका चांगला जिल्हा शोधून सापडणार नाही. कारण जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. त्या गावातला माल कोणत्या बंदरावर जाई, किती दिवसांनी पोचे, आणि ते बंदर कसे चालवले जाई, हेही त्याने लिहिले आहे. त्याचे लिखाण नीट वाचले, तर बंदर म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

तगर म्हणजे कोणते गाव?

या लिखाणाचे नाव 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. तांबडा समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान आणि भारताचा किनारा यांवरील बंदरांची ती माहितीपुस्तिका आहे. कुठे नांगर टाकावा, कुठे काय विकले जाते, कुठला राजा कसा, हे सारे त्यात आहे.

त्यात बारिगाझा नावाच्या मोठ्या बंदराचे वर्णन येते. बारिगाझा म्हणजे नर्मदेकाठचे भडोच. त्याच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर, असे हा व्यापारी सांगतो. पैठणहून मौल्यवान खडे येत. तगरहून पुष्कळ साधे कापड आणि तलम मलमल येई. हा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेला जाई.

पैठण आणि भडोच ओळखणे सोपे होते. तगर मात्र बराच काळ सापडत नव्हते. जुन्नर, दौलताबाद, धारूर अशी वेगवेगळी नावे विद्वानांनी सुचवली होती. पुराभिलेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली तगर म्हणजे तेरणेकाठचे तेर, असे दाखवून दिले. हा निष्कर्ष आपल्याला वर्गात पडताळून पाहता येतो. त्यासाठी लागते फक्त एक नकाशा, एक पट्टी आणि थोडा भागाकार.

नकाशावर पैठण ते भडोच सरळ रेषेत मोजा. अंतर सुमारे ३५० किलोमीटर येईल. ते कापायला वीस दिवस, म्हणजे दिवसाला साधारण साडेसतरा किलोमीटर. लादलेली बैलगाडी रोज एवढे अंतर जाऊ शकते. आता दहा दिवसांच्या तगरसाठी एकेक गाव तपासू. जुन्नर पैठणच्या पश्चिमेला आहे, म्हणून दिशेतच बाद. दौलताबाद पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर आणि तेही उत्तरेकडे. धारूर आग्नेयेला सुमारे १०५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला साडेदहा किलोमीटर. तेर आग्नेयेला सुमारे १५५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला साडेपंधरा. बैलांची आधीची चाल साडेसतरा होती. या चालीशी सर्वांत जवळचे उत्तर तेरचे आहे.

अर्थात प्रवासाचे दिवस ठोकळ असतात आणि 'पूर्व' ही दिशाही इथे ढोबळच आहे. म्हणून एवढ्या पुराव्यावर थांबायचे नसते. कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे हे नाव पुढेही शतकानुशतके मानाचे होते. तेरच्या परिसरात सातवाहन काळातल्या असंख्य वस्तू सापडल्या. त्यांतला मोठा संग्रह तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवला आणि आज तेरच्या संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. तेरला हस्तिदंताची एक सुबक स्त्रीमूर्ती मिळाली आहे. तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली. आणि त्यांच्याशी साम्य असलेली तिसरी १९३८ साली थेट इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून पोचलेली असणार.

जवळचे बंदर सोडून दूरचे का?

आता नकाशावर आणखी एक रेषा ओढा: तेर ते कल्याण. अंतर सुमारे ३३० किलोमीटर भरेल. तेर ते भडोच मात्र सुमारे ५०० किलोमीटर. दिवसाला सोळा किलोमीटर धरले, तर कल्याणला एकवीस दिवस लागतात आणि भडोचला एकतीस. जाऊन-येऊन वीस दिवसांचा फरक. वीस दिवसांचा चारा, वीस दिवसांची मजुरी आणि वाटेतला वीस दिवसांचा धोका. व्यापारी माणूस हा भुर्दंड उगाच सोसणार नाही.

सह्याद्रीचा घाट हे एक कारण असू शकेल. गाडी घाट उतरत नाही, माल जनावरांच्या पाठीवर टाकावा लागतो. पण घाटाची वाट चालती होती. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा कोरीव लेख आहे आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही जकातीचा रांजण म्हणून दाखवतात. तेव्हा फक्त घाटावर बोट ठेवून भागत नाही.

दुसरे कारण पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण पूर्वीच्या एका राजाच्या काळात रीतसर मान्यता असलेले व्यापारी बंदर होते, असे तो लिहितो. पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात गेले आणि तिथल्या व्यवहाराला अडथळा आला. एखादे ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाई. त्या वेळी पश्चिम किनाऱ्यासाठी सातवाहन आणि क्षत्रप या दोन सत्तांत झगडा चालू होता. भडोच क्षत्रपांकडे होते. या झगड्याचा पुढचा पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे सापडला. क्षत्रप नहपानाची सुमारे तेरा हजार चांदीची नाणी तिथे मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता.

कल्याणच्या खाडीत तेव्हा पाणी होते. धक्का होता, व्यापारी होते, मागे बाजारपेठ होती. तरी परदेशी जहाजांसाठी ते बंदर बंद झाले, कारण जहाज कुठे लागू द्यायचे हा हुकूम कुणा दुसऱ्याचा होता. अशा हुकमाची झळ तेरच्या विणकराला आणि गाडीवानाला लागली असणार, हे अनुमान आहे. पण वरची अंतरे पाहता ते वावगे वाटत नाही. त्या विणकराने समुद्र कधी पाहिलाही नसेल.

भडोचचे वाटाडे

भडोच बंदर काही सोयीचे नव्हते. उलट, पेरिप्लसचा लेखक त्याच्या धोक्यांवर पानेच्या पाने खर्च करतो. खंभातच्या आखातात शिरताना वाळूचे दांडे लागत. किनारा सखल असल्याने नदीचे मुख लांबून दिसत नसे. भरतीचे पाणी असे लोंढ्याने येई की नांगरलेली जहाजेही उचलून फेकली जात. अमावास्येच्या सुमारास हा जोर फार वाढे.

हे वर्णन अतिशयोक्तीचे नाही. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक साधारण चार ते पाच मीटर असतो. खंभातच्या आखातात, भावनगरजवळ, तो दहा मीटरहून अधिक होतो. असे का व्हावे? चंद्र-सूर्य तर दोन्ही ठिकाणी तेच आहेत.

भरती ही एक अतिशय लांब लाट आहे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. अशा लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की वेग मिळतो. खोली २० मीटर धरा. ९.८ गुणिले २० म्हणजे १९६, त्याचे वर्गमूळ १४. सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. खोल समुद्रात हीच लाट कितीतरी वेगाने धावत असते. उथळ पाण्यात तिचा पुढचा भाग मंदावतो, मागचे पाणी त्याला गाठते, आणि पाणी वर चढते. शिवाय खंभातचे आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळते आहे. रुंद तोंडातून शिरलेल्या पाण्याला आत जागा पुरत नाही, म्हणून त्याची उंची वाढते. तिसरी गोष्ट झोक्याची. झोक्याला त्याच्या ठेक्यातच धक्के दिले तर तो उंच जातो. आखाताची लांबी आणि खोली यांनी ठरणारा ठेका भरतीच्या ठेक्याला जितका जवळ, तितके पाणी जास्त उसळते. अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र व सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती.

अशा पाण्यात परक्या खलाशाने जहाज घालायचे कसे? त्याचे उत्तर तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी शोधले होते. राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन आखाताच्या तोंडाशी थांबत. आलेल्या जहाजाला ते सामोरे जात, दोर लावून ओढत, भरती सुरू झाली की पुढे नेत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगरून ठेवत. अशा टप्प्याटप्प्याने जहाज नदीतून सुमारे तीनशे स्टेडिया, म्हणजे पन्नासेक किलोमीटर, वर भडोचला पोचे.

आजच्या बंदरातही हेच चालते. मोठे जहाज बंदराच्या हद्दीत आले की त्यावर बंदराचा पायलट चढतो. पुढची वाट तो सांगतो. छोट्या पण ताकदवान टग नौका जहाजाला ओढतात, ढकलतात. जास्त खोल बसणारी जहाजे आजही भरती साधून आत येतात. डोहाची जागा गोदीने घेतली. गोदीला दरवाजे लावून भरतीचे पाणी आत कोंडून ठेवता येते, म्हणजे ओहोटीतही जहाज तळाला टेकत नाही. कोळ्याच्या ज्ञानाला पगार देऊन राज्यसेवेत घेणे, हे आपल्याला माहीत असलेल्या बंदर-प्रशासनाच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक मानायला हरकत नाही.

मिठाचा चिमटा आणि बंदराचा अंत

बंदराचा कायमचा शत्रू गाळ. भडोच, कल्याण, सोपारा, चौल ही एके काळची नामांकित बंदरे. आज त्यांपैकी एकाही ठिकाणी मोठे जहाज जाऊ शकत नाही. राज्ये बदलली, व्यापार दुसरीकडे वळला, हे खरे; पण खाड्यांमध्ये साचलेल्या गाळाचा त्यात मोठा वाटा आहे.

गाळ नेमका नदीच्या मुखाशीच का साचतो? वर्गात एक प्रयोग करून पाहा. धाराशिवची काळी माती यासाठी उत्तम. दोन उंच काचेचे पेले घ्या. दोन्हींत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी भरा. विहिरीचे जड पाणी घेऊ नका, त्यातले क्षारच प्रयोग बिघडवतील. प्रत्येकात चमचाभर बारीक चाळलेली काळी माती घालून चांगले ढवळा. मग एका पेल्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मीठ घाला, समुद्राच्या पाण्यात साधारण एवढेच क्षार असतात. पुन्हा दोन्ही ढवळा आणि ठेवून द्या. थोड्या वेळाने खाऱ्या पेल्यातले पाणी वरून निवळू लागेल. गोड्या पाण्याचा पेला मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल.

कारण असे. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असतो. गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. मिठाच्या पाण्यातले धन आयन या भाराला झाकतात. मग कण जवळ येतात, चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते भराभर तळाला बसतात. नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला जिथे भेटते, तिथे हाच प्रयोग रात्रंदिवस चालू असतो. आणि जुनी बंदरे नेमकी तिथेच होती, कारण वादळापासून आसरा आणि आत जायला नदीची वाट तिथेच मिळे.

म्हणून बंदर एकदा बांधून मोकळे होता येत नाही. गाळ उपसत राहावे लागते, दरवर्षी. हा खर्च कुणी करायचा? जहाजमालकाने, माल पाठवणाऱ्याने की सरकारने? इथून बंदराचे प्रशासन सुरू होते.

धक्का कुणाचा?

मुंबईत एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न तीव्र झाला. किनाऱ्यावर भराव घालून धक्के बांधणाऱ्या खासगी मंडळींचे वजन वाढले होते. त्यांतली मोठी एल्फिन्स्टन कंपनी सरकारने १८७० च्या सुमारास विकत घेतली आणि १८७३ साली बाँबे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्ट म्हणजे विश्वस्त संस्था. बंदराचे उत्पन्न बंदरासाठीच वापरावे आणि धक्का सर्वांना सारख्या दराने खुला असावा, ही त्यामागची कल्पना. १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी उघडली. हीच आजची इंदिरा गोदी.

नियम ढिले झाले की काय होते, हेही याच गोद्यांनी पाहिले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके. एरवी स्फोटके घेऊन जहाज थेट गोदीत आणायला परवानगी नसे. युद्धाच्या घाईत ती शिस्त सैल झाली होती. स्फोटांत शेकडो माणसे मेली, त्यांत ६६ अग्निशमन जवान होते. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

स्वातंत्र्यानंतर घटनेने बंदरांची विभागणी केली. मोठी बंदरे संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे. इतर बंदरे समवर्ती सूचीत. महाराष्ट्रातली लहान बंदरे १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. मोठ्या बंदरांसाठी १९६३ साली पोर्ट ट्रस्ट कायदा झाला. २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि 'ट्रस्ट'चे 'प्राधिकरण' झाले. पूर्वी दर ठरवण्यासाठी वेगळे प्राधिकरण होते. आता प्रत्येक बंदराचे मंडळ आपले दर स्वतः ठरवू शकते. त्या मंडळात राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क यांचे प्रतिनिधी बसतात. बंदरातील कर्मचाऱ्यांचेही दोन प्रतिनिधी असतात.

मुंबई शहरात जागा पुरेना, तेव्हा खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभे राहिले. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आजचे जवाहरलाल नेहरू बंदर ते हेच. पण त्याआधी उरण-पनवेल भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या होत्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मधल्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. त्या लढ्यातूनच विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा देण्याचे तत्त्व पुढे आले.

या बंदराची कार्यपद्धतीही बदलत गेली. पहिला खासगी धक्का १९९७ च्या करारातून आला आणि २०२२ पर्यंत बंदराने स्वतः चालवलेला शेवटचा कंटेनर धक्काही खासगी चालकाकडे गेला. याला जमीनमालक पद्धत म्हणतात. जमीन, जलमार्ग आणि त्याची खोली बंदराची. क्रेन आणि मालाची चढ-उतार भाडेकरूची.

आणखी खोल पाण्याच्या शोधात पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची आखणी झाली. तिथे समुद्र नैसर्गिकरीत्याच सुमारे वीस मीटर खोल आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. यात ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. पण डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. १९९८ साली तिथल्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने याच जागेवरचे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली अटींसह संमती दिली. मासेमारीची जागा जाईल म्हणून किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे. भडोचला ज्यांच्या ज्ञानावर बंदर चालत होते, त्यांच्याच व्यवसायबंधूंचा हा प्रश्न आहे, हे विसरून चालणार नाही.

बैलगाडी ते पेटी

पुन्हा धाराशिवकडे येऊ. बंदराच्या मागच्या ज्या मुलखातून माल येतो, त्याला पृष्ठप्रदेश म्हणतात. हा मुलूख बंदराला कसा जोडला जातो, यावर तिथल्या मालाची किंमत ठरते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी धावली. पुढे ती याच जिल्ह्यातून लातूरपर्यंत गेली. तिचे रूळ अवघे अडीच फूट रुंद. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे. दर उतार-चढावाला हमाली, नासाडी आणि वेळ. हा मार्ग रुंद व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

ही पुन्हा-पुन्हा होणारी चढ-उतार ज्या शोधाने संपवली, तो म्हणजे कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने ५८ पेट्या नेल्या. पेटी बंद करायची शेताजवळ आणि उघडायची परदेशात; मधल्या मालाला कुणी हात लावायचा नाही. पेटीचे मूळ माप वीस फूट, म्हणजे ६.१ मीटर लांब. दहा हजार पेट्यांचे जहाज आता सर्रास असते. त्या पेट्या एकीला एक लावून धाराशिवपासून ठेवत गेलो, तर रांग ६१ किलोमीटर होईल, म्हणजे जवळजवळ सोलापूरपर्यंत. एका पेटीत वीस टन आणि एका बैलगाडीत अर्धा टन माल धरला, तर हे एक जहाज चार लाख गाड्यांच्या बरोबरीचे होते.

आता द्राक्षांचे उदाहरण घ्या. धाराशिव-सोलापूर पट्ट्यातली निर्यातीची द्राक्षे थंड करून, शून्य अंश सेल्सियसच्या आसपास ठेवणाऱ्या पेट्यांतून, सुमारे चारशे किलोमीटरवरच्या न्हावा-शेव्याला जातात. तिथून युरोपची वाट तांबड्या समुद्रातून आणि सुएझ कालव्यातून. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा दिवसांहून अधिक लांबला. २०२४ च्या हंगामात त्याचा फटका द्राक्षांना बसला. मलमल तरी टिकाऊ होती. द्राक्षाला जास्तीचा प्रत्येक दिवस भारी पडतो. ज्या समुद्रावरून तगरचे कापड गेले, त्याच समुद्रावरची ही अडचण आहे, आणि तिचा भार पुन्हा समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत असलेल्या माणसावर आला.

म्हणून मुलांना बंदर शिकवताना चार प्रश्न विचारायला लावावेत. पाणी किती खोल आहे आणि ती खोली कोण राखतो? जहाजाला वाट कोण दाखवतो? कुणी लागायचे आणि किती दर द्यायचा, हे कोण ठरवतो? आणि माल तिथपर्यंत पोचतो कसा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर निसर्ग आणि पैसा मिळून देतात. बाकी तिन्हींची उत्तरे माणसे देतात, कायदे करून, मंडळे नेमून, रूळ टाकून. बंदराच्या मंडळात द्राक्ष बागायतदारासाठी राखीव खुर्ची नाही. तेरच्या विणकरासाठीही ती नव्हती. पण विणकराला कल्याण बंद का झाले, हे बहुधा कुणी सांगितले नसेल. आजच्या विद्यार्थ्याला कायदा वाचता येतो, दरपत्रक पाहता येते, आणि आपल्या लोकप्रतिनिधीला प्रश्न विचारता येतो.

वर्गात करून पाहण्यासाठी: गावातून बाहेर जाणारी एखादी वस्तू निवडा. सोयाबीन, गूळ, द्राक्षे, काहीही. ती शेतापासून जहाजापर्यंत किती वेळा उतरवली आणि चढवली जाते, ते आडत्याला, ट्रकवाल्याला, बागायतदाराला विचारून लिहा. प्रत्येक टप्प्यापुढे लागणारा वेळ आणि खर्च मांडा. मग सर्वांत जास्त वेळ कुठे जातो ते शोधा. तो बहुधा समुद्रावर जाईल, पण सर्वांत महाग तास कोणता, हे उत्तर प्रत्येक वर्गाचे वेगळे येईल. सहल तेरला काढता आली, तर संग्रहालय पाहून झाल्यावर तेरणेच्या काठी उभे राहून मुलांना एकच प्रश्न विचारा: इथून निघालेली गाडी कोणत्या दिशेला वळली असेल, आणि का?